पंधरा प्रश्नांत परभणी बसत नाही

म्हाताऱ्या माणसांचे मन मोजायला नर्सिंगच्या संशोधनात एक प्रश्नावली सर्रास वापरतात. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल. मूळ अमेरिकेतली, 1980च्या दशकातली. तिच्या छोट्या आवृत्तीत पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. त्यातला एक प्रश्न साधारण असा, की आपले काही वाईट होईल याची भीती वाटते का? 'हो' म्हटले की नैराश्याच्या खात्यात एक गुण जमा.

आता ही प्रश्नावली घेऊन परभणीच्या वस्त्यांत या. 10 डिसेंबर 2024 ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, मग कोम्बिंग ऑपरेशन. 15 डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याच्या अंत्यसंस्कारानंतर, 16 तारखेला, विजय वाकोडे यांचे हृदयविकाराने निधन झाले. रात्री दारावर थाप पडली की ज्याच्या घरातले लेकरू दचकते, त्या आजोबांनी या प्रश्नाला 'नाही' म्हणायचे का? त्यांचे 'हो' ही साक्ष आहे. संशोधक मात्र ते लक्षण म्हणून नोंदवून घेतो.

आणि या आजोबांची भीती 2024 ची नाही. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, परभणी जिल्ह्यातल्या वस्त्याही त्यातून सुटल्या नाहीत. तेव्हा विशीत असलेला भीमसैनिक आज सत्तरीच्या घरात आहे. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे त्याने मोर्चे, केसेस आणि मजुरी यांत काढली. 'एकटेपणा आणि वृद्धत्व' अशा मथळ्याच्या प्रबंधात हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

सरकारला मात्र निदान चटकन सुचते. विटंबना करणारा मनोरुग्ण, असे सांगून झाले. सोमनाथच्या बाबतीत विधिमंडळात श्वसनाच्या आजाराचा उल्लेख झाला. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल मात्र अनेक जखमांमुळे आलेल्या शॉककडे बोट दाखवत होता. आजाराचे नाव जिथे राज्याला सोयीचे तिथे ते तयार असते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात सरकारी सेवा मिळणे हा हक्क केला आहे. आपण किती निवेदनांत त्याचा उल्लेख केला?

पुरुषांचे म्हणाल तर आकडे सरकारचेच आहेत. एनसीआरबीच्या 2021 च्या अहवालात देशभरात 1,64,033 आत्महत्या. दर चारमागे जवळपास तीन पुरुष. रोजंदारीवर जगणारे 42,004. वय, शिक्षण, उत्पन्न, धंदा यांचे तक्ते आहेत, जातीचा नाही. शेतकरी आत्महत्येची एक लाखाची मदत मिळायला घरच्या नावावर जमीन लागते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो मजूर मेल्यावरही अपात्र.

दोष फक्त सरकारचा आहे असेही नाही. आपल्या स्टेजवरून तरुणाला 'वाघ' म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. वाघाला झोप येत नाही, वाघ दारूकडे वळला, हे कोण बोलणार? केस अंगावर घेतलेल्या पोराला आपण हार घालतो, वकील शोधतो, आणि सहा महिन्यांनी तो घराबाहेर पडत नाही तेव्हा 'चळवळीतून गळाला' म्हणून मोकळे होतो. हे थांबले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींना आणि मुलांना आहे. वस्त्यावस्त्यांतून जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला गेलेली पोरं आता कमी नाहीत. 1897 च्या प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी लेकरू पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत गेल्या. त्यांनी आधी जात विसरून मग सेवा केली नव्हती. कुणाला कुणी हात लावत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्या तिथे गेल्या.

प्रबंधाचा विषय निवडताना गाईड सोपा विषय सुचवतील. शंभर जणांना प्रश्नावली, एक आरोग्यशिक्षणाचे भाषण, पुन्हा तीच प्रश्नावली, गुण सुधारले, संपले. तुम्ही परभणीचा विषय मागा. प्रश्नावली हवी तर ठेवा, पण तिच्या आधी विचारा: जमीन आहे का, घरात कुणावर केस आहे का, 1978 ला कुठे होता, 11 डिसेंबरच्या रात्री कुठे होता. नाव-पत्ता कागदावर येऊ देऊ नका, ती माहिती उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. नैतिक समितीने विषय नाकारला तर कारण लेखी घ्या. तो कागद आम्हाला दाखवा, पुढचे आपण मिळून बघू.

जयभीम.