आख्यानाविना चौक, चौकाविना आख्यान

लग्नसराई ओसरू लागली की रिसोडच्या आसपासच्या गावांत गोंधळाच्या सुपाऱ्या सुरू होतात. घरात सून आलेली असते, कुळाचार राहिलेला असतो. पण हल्ली सुपारी देतानाच अट घातली जाते: "पूजा तेवढी करा, आख्यान राहू द्या. पाहुण्यांना सकाळी लवकर निघायचं असतं." चौक मांडला जातो, दिवटी पेटते, देवीचं नाव घेतलं जातं, आरती होते, पंगत बसते. रात्रभराचं काम तासाभरात उरकतं. लोककलांच्या महोत्सवांत याच्या उलट चालतं. तिथे संबळ दणक्यात वाजतो, एखादं आख्यान दहा मिनिटांत रंगवलं जातं, टाळ्या पडतात. मंचावर चौक नसतो, घट नसतो. "धार्मिक विधी मंचावर कशाला?" असं उत्तर मिळतं.

या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे. पूजा म्हणजे धर्म, आख्यान म्हणजे करमणूक, आणि दोन्ही सुटी करता येतात. ही समजूत मला साफ अमान्य आहे.

चौक जवळून पाहा. पाटावर कोरं कापड, त्यावर गव्हाची किंवा तांदळाची रास, राशीवर पाण्याने भरलेला तांब्या, तांब्यात विड्याची पानं, वर नारळ. भोवती खारीक, हळकुंड, सुपारी. वर उसाचे किंवा ज्वारीचे धांडे उभे करून शेंड्याला बांधलेले. त्यात शेतातून न आलेलं फारसं काही नाही. नवरात्रात हाच घट काळ्या मातीवर बसतो, त्या मातीत धान्य पेरलं जातं आणि दसऱ्याला उगवलेले कोंब टोपीत खोवले जातात. पिंगलाक्षी देवीच्या रिसोडात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण का करायचं, हे मात्र सांगावंच लागतं, आणि ते काम आख्यानाच्या अंगाने होतं.

मुख्य गोंधळी कथा लावतो आणि साथीदार त्याला अडवतो. हा साथीदार भोळा, खट्याळ, कधी उद्धट. सभ्य माणूस पूजेच्या वेळी जे विचारायला धजत नाही ते तो विचारतो: तांब्याला देवी का म्हणायचं, दिवटीला तेल कशासाठी, देवी एवढ्या लांबून येणार कशी? लोक हसतात, आणि हसता हसता उत्तर ऐकतात. मांडीवर पेंगणारं पोरही या क्षणी डोळे उघडतं. आख्यान गाळणाऱ्या यजमानाने हा प्रश्नच घरातून हद्दपार केलेला असतो. मग दहा वर्षांनी तोच म्हणतो, पोरांना काही माहीत नाही.

गोंधळ्यांची स्वतःची उत्पत्तिकथाही हेच सांगते. परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिराचं तंतुवाद्य केलं आणि ते वाजवून माता रेणुकेला वंदन केलं. तुणतुण्याची ही कथा. म्हणजे पहिला गोंधळ वाजवण्याने झाला. माहूरची हीच रेणुका ज्यांचं कुलदैवत, त्यांनी तरी वाजवण्याला पूजेबाहेर काढू नये. संत एकनाथांनीही तत्त्वज्ञान सांगायला जोगवा आणि गोंधळाची रूपकं घेतली, ती लोक या रात्रींना कान देऊन बसतात हे ओळखूनच.

सुधारकांचा आक्षेप वेगळा आहे: तांब्या-नारळाला देव मानणं ही अंधश्रद्धा. कुणाच्या अंगात आणून बायाबापड्यांना घाबरवलं जात असेल, करणीच्या नावाने पैसा उकळला जात असेल, तर त्यांच्याबरोबर मीही उभा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पण पाणी, धान्य आणि माती यांच्यापुढे वर्षातून एकदा कृतज्ञतेने बसणं यात फसवणूक कुणाची होते?

अभ्यासकांची अडचण जास्त खोल आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त घट म्हणजे आदिमातेचा गर्भ, हे भरपूर पुराव्यांनी दाखवलं. ते मला पटतं. पटत नाही ते त्यातून काढलं जाणारं अनुमान, की हाच एक खरा अर्थ आणि बाकीची सगळी पुटं. सांचीच्या बौद्ध शिल्पांत पूर्णघट आहे. जैनांच्या अष्टमंगलांत कलश आहे, आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचं लांछनही कलशच. अजिंठ्याच्या खांबांवर घटपल्लव कोरले आहेत, आणि तिथलं सोळावं लेणं खोदवणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाच्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. शिवाय लग्नात कुंभाराच्या घरून रंगवलेली मडकी वाजतगाजत येतात, आणि स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला छिद्रं पाडून पाणी सांडत चितेभोवती फिरतात. एकदा घट म्हणजे भरलेला संसार, एकदा रिता होणारा देह. यातला कुठला अर्थ पुसायचा? चिन्ह एवढं जुनं झालं ते अनेक अर्थ पोटात घेऊनच, आणि त्यातला कुठला अर्थ आज पुढे यायचा हे त्या घरातल्या प्रसंगावर ठरतं. म्हणून अंगणातली पन्नास माणसं महत्त्वाची. गोंधळी यजमानाचं कूळ विचारतो, ग्रामदैवताला नाव घेऊन बोलावतो, नव्या सुनेकडे पाहून कथा वळवतो. हजारोंच्या मंडपात ते शक्य नाही.

यात एक रोकडा प्रश्नही आहे. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो. तास कापला की बिदागी कापली जाते, आणि आख्यान मागणारं कुणी नसेल तर बाप ते मुलाला शिकवील कशासाठी? पूजा आठवड्यात शिकता येते. आख्यान, त्यातले सवाल-जवाब, समोरच्या माणसांचा अंदाज घेणं, याला उमेदीची वर्षं जातात. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी गावोगावच्या अशा रात्रींशिवाय घडत नाही.

तेव्हा सुपारी देताना आख्यानासह द्या, आणि बिदागी आख्यानासह ठरवा. पाहुणे जाणार असतील तर जाऊ द्या. घरची माणसं, शेजार आणि पोरं बसली तरी पुरे. महोत्सव भरवणाऱ्यांनी मंचावर चौक मांडू द्यावा, दहा मिनिटांऐवजी निदान दोन तास द्यावेत, आणि प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठवून चौकाभोवती सतरंजीवर बसवावं, साथीदाराचा प्रश्न माइकशिवाय ऐकू येईल इतक्या जवळ.