कीर्द चुकली तर खतावणी काय करील?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट पक्की शिकविली जाते. व्यवहार झाला की पावती ठेवावी, पावतीवरून कीर्दीत नोंद करावी, कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि अखेरीस ताळेबंद. नोंद एकदाच होते. पुढची सारी रूपे तिच्यातून निघतात. प्रकल्प-अहवालाच्या शेवटी जी संदर्भसूची जोडावी लागते तिचेही अगदी असेच आहे. पण हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

संगणकावर पुस्तकाची नोंद ठरावीक खान्यांत ठेवतात. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, गाव असा एकेक खाना. यातली जुनी रीत 'बिबटेक' या नावाची; ओरेन पाताश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या साहाय्याने ती १९८५ साली तयार केली. २००६ पासून 'झोटेरो' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅमही आहे. उदाहरणादाखल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला ग्रंथ घ्या. त्याचे खाने एकदा भरले, की 'एपीए' पद्धतीत वर्ष लेखकाच्या नावापाठोपाठ कंसात येते, 'एमएलए' पद्धतीत तेच वर्ष शेवटी जाते. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव वगळले, तेव्हा त्या पद्धतीच्या सूचीतून 'लंडन' आपोआप गळते. नोंद तीच, रूपे वेगळी. हे रूपांतर यंत्र क्षणात करते.

ते यंत्रानेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, कोणते अक्षर तिरपे, हे पाठ करण्यात विद्या नाही. बेरजेसाठी कॅल्क्युलेटर चालतो, तर सूचीसाठी यंत्र का नको? 'हाताने लिहिल्याशिवाय वळण लागत नाही' असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. वळण लागायला हवे हे खरे. पण ते स्वल्पविरामाचे नव्हे, नोंदीचे लागायला हवे. कारण यंत्र नोंद सजविते, तपासत नाही.

आपल्या शाखेतलेच उदाहरण पाहा. लेखकाच्या खान्यात इंग्रजीत 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया' असे सरळ लिहिले, तर बिबटेक त्याला हाडामांसाचा माणूस समजते. शेवटचा शब्द आडनाव, मधला 'ऑफ' हा आडनावाआधीचा शब्द, उरलेले स्वतःचे नाव! मग सूचीत छापून येते, 'ऑफ इंडिया, आर. बी.' 'मिनिस्ट्री ऑफ लेबर ॲण्ड एम्प्लॉयमेंट' असे लिहिले तर एका मंत्रालयाचे दोन लेखक होतात, कारण 'ॲण्ड' हा शब्द दोन लेखकांमधली भिंत आहे, एवढेच यंत्राला ठाऊक. उपाय सोपा आहे. संस्थेचे नाव आणखी एका महिरपी कंसात घालावे, म्हणजे यंत्र ते अखंड मानते. झोटेरोत त्याच कामासाठी नावाचे दोन खाने मोडून एक करता येतो. पण हे करायला नोंद करणाऱ्याचे डोळे उघडे हवेत.

आपण मराठी आणि कन्नड मुलखाच्या शिवेवर शिकणारे विद्यार्थी. आपली अडचण याहून मोठी आहे. दोन मराठी लेखकांची नावे 'आणि' घालून लिहिली, तर बिबटेकला ती भिंत दिसत नाही. दोघांचा मिळून एक लेखक होतो. कन्नडातल्या 'मत्तु'चीही तीच गत. गोपाळ हरि देशमुख कोणी देशमुखांत घालतो, कोणी 'लोकहितवादी' या नावाखाली. घरी मराठी बोलणारे आणि काव्य कन्नडात करणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे एका नोंदीत बेंद्रे असतात, दुसरीत 'अंबिकातनयदत्त'. कुप्पळ्ळी वेंकटप्प पुट्टप्प यांच्या नावात पहिला शब्द गावाचा, दुसरा वडिलांचा आणि तिसरा त्यांचा स्वतःचा. आपल्याकडच्यासारखे आडनाव तेथे नाहीच. त्यातून जग त्यांना 'कुवेंपु' म्हणून ओळखते. तेव्हा एकच लेखक सूचीत दोन-तीन ठिकाणी विखुरणार, हे उघड आहे. कोणते नाव घ्यायचे हे माणसाने ठरवायचे आणि सगळीकडे तेच ठेवायचे.

वर्षाचेही तसेच. जुन्या मराठी पुस्तकावर 'शके १८१५' छापलेले असते. वर्षाच्या खान्यात नुसते १८१५ भरले, तर पुस्तक ७८ वर्षांनी म्हातारे होऊन थेट पेशवाईत जाऊन बसते! पेशवाई बुडाली १८१८ साली आणि पुस्तक आहे १८९३-९४ चे. गावाच्या खान्यात काय लिहावे, हाही प्रश्न आपल्याकडे नाजूक. २०१४ च्या नोव्हेंबरपासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. म्हणून आधीच्या पुस्तकावरचे 'बेळगाव' पुसू नये आणि नंतरच्या पुस्तकावरचे 'बेळगावी'ही बदलू नये. शीर्षकपृष्ठावर जे छापले आहे ते लिहावे. सूचीने वादात पडू नये. क्रमाची गोष्ट तर विचारूच नका. आपल्या वर्णमालेत 'ळ' हे अक्षर 'ह'च्या पुढे येते. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात ते 'ल'ला चिकटून बसले आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' आपण शेवटी म्हणतो. यंत्र त्यांना 'क' आणि 'ज' यांच्या पोटात घालते.

या सगळ्या कटकटीवर अनेकजण एक सोपा तोडगा काढतात. मराठी आणि कन्नड पुस्तके सूचीतून गाळून टाकतात! इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद एका टिचकीसरशी मिळते, आपल्या भाषेतल्या पुस्तकाची खाना खाना करून हाताने भरावी लागते. मग शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर अहवाल लिहिणारा विद्यार्थी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचतो, त्यातला विचार घेतो आणि सूचीत मात्र तीन इंग्रजी पुस्तके टाकून मोकळा होतो. ज्याचे देणे लागतो त्याचे नाव खात्यावर नाही आणि ज्याच्याशी व्यवहारच झाला नाही त्याचे नाव आहे, अशा वहीला आपल्या शास्त्रात काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. हा आळस वर्षानुवर्षे चालला, तर पुढच्या वाचकाला वाटेल की या विषयावर आपल्या भाषांत कोणी काही लिहिलेच नव्हते.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे. अजिबात न केलेली नोंद तेरजेत सापडत नाही, हेही आपण शिकतो. तीच गोष्ट नेटक्या सूचीची. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने काही वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी 'चॅटजीपीटी'कडून घेतलेले निवाड्यांचे दाखले रीतसर क्रमांकासह सादर केले होते. फक्त ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. रूप निर्दोष आणि पावती गायब!

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्राध्यापकांना आणि ग्रंथपालांना दोनच विनंत्या कराव्यात असे वाटते. एक, स्वल्पविरामाचे गुण कापण्याऐवजी सूचीतील कोणतीही दोन पुस्तके समोर आणून दाखवायला सांगावे. दुसरी, ग्रंथालयात वर्षारंभी एक तास नोंद कशी करावी हे शिकवावे आणि मराठी-कन्नड पुस्तके त्यांच्याच लिपीत नोंदविण्यास मोकळीक द्यावी. आपल्यापुरते एवढे करावे, की पुस्तक हातात असतानाच शीर्षकपृष्ठ उघडून खाने भरावेत. सादर करण्याच्या आदल्या रात्री आठवून नव्हे. खतावणी यंत्राने लिहावी. कीर्द मात्र ज्याची त्यानेच लिहायची असते.