७७७ दे की, विषय संपला!

हॉस्टेलवर कुणाच्याही स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड’ आलं की शेजारच्या कॉटवरून एकच औषध मिळतं – “भावा, ७७७ दे की!” मीही वर्षभर तेच केलं. हातानं एखाद्या वेळी केलं असतं तर चाललं असतं. मी ते प्रोजेक्टच्या मेकफाईलमध्येच लिहून ठेवलं.

लिनक्समध्ये रीडचे ४, राईटचे २, एक्झिक्यूटचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. सातबारावर ‘इतर अधिकार’ म्हणून वेगळा रकाना असतो, हे इथल्या पोरांना मी कॉन्व्हेंटवाल्यानं सांगायला नको. शेवटचा ७ म्हणजे त्या रकान्यात अख्खा गाव!

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबच्या सर्व्हरवरचं आमचं फोल्डर रिकामं झालं. आतल्या सगळ्या फाईली ६४४, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येणार नाही. मग हे केलं कुणी? पासवर्ड फक्त रूम पार्टनरला माहीत होता. आम्ही त्याच्यावर आळ घेतला. दोन आठवडे तो मेसमध्ये वेगळ्या टेबलवर बसला.

नंतर एक ज्युनियर स्वतःच येऊन बोलला. त्यांनी आमची मेकफाईल कॉपी केली होती, पाथ बदलायचा राहिला, आणि ‘मेक अनइन्स्टॉल’ मारलं. तेव्हा कळलं, की फाईल उडवायला त्या फाईलवर राईट लागतच नाही; ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लागतं. आणि फोल्डर आम्हीच ७७७ केलेलं!

म्हणून माझं म्हणणं असं, की परमिशन बिल्डमध्येच ठरवावं, पण डोकं वापरून. नुसतं ‘सीपी’ मारलं तर नव्या फाईलचं परमिशन यूमास्कवर जातं, आणि तो प्रत्येक मशीनवर सारखा असेलच असं नाही. त्यापेक्षा ‘इन्स्टॉल’ कमांडला सरळ आकडा द्यावा : प्रोग्रामला ७५५, डेटाला ६४४. सीमेकवाल्यांनी स्क्रिप्ट ‘फाईल्स’खाली टाकली की ती ६४४ होते आणि चालत नाही; मग लोक ७७७ शोधतात. ती ‘प्रोग्रॅम्स’खाली टाका, ७५५ मिळेल.

“पण आम्ही चौघं एकाच फोल्डरवर काम करतो, त्याचं काय?” चौघांचा गट करून घ्या, फोल्डरला २७७५ द्या, यूमास्क ००२ ठेवा. पुढच्या त्या २ मुळे आत तयार होणारी नवी फाईल आपोआप गटाची होते. बाहेरच्याला वाचता येतं, खोडता येत नाही.

स्टाफला एक विनंती. ओरलला आउटपुट बघता, तशी एकदा मेकफाईलही उघडून बघा. त्यावर प्रश्न येतो म्हटल्यावर आम्ही वाचू तरी!

रूम पार्टनरला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “आधी पासवर्ड बदल.” बदलला. आमच्या मेकफाईलच्या कॉप्या मात्र किती जणांकडे फिरतायत कुणास ठाऊक. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ‘इन्स्टॉल’ची ओळ आजच उघडून बघा.