रस्ता आधी, दगड नंतर



गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीचा नातू आमच्याकडे दोन दिवस राहून गेला. वय पंचवीस, पुण्यात सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी. फराळ झाल्यावर त्याने मोबाईलवर केलेली एक यादी मला दाखविली. तीन रकाने होते : प्रवास, छंद आणि प्रोग्रॅमिंग. प्रत्येक रकान्यात वर्षभरातील टप्पे. किती किल्ले चढून झाले, गिटारवर किती गाणी बसली, ‘गिट नीट शिकलो’ वगैरे वगैरे. निम्म्याहून अधिक ओळींपुढे मात्र ‘बाकी’ असा शेरा होता. “आजोबा, माझ्या बरोबरीची मुले कोठल्या कोठे पोहोचली. मी मागे पडलो,” तो म्हणाला. मी हसणार होतो. पण त्याच्या आवाजातील खंत ऐकून थांबलो.

बँकेत इतकी वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांतील बाकी तपासणारा मी. परंतु त्या बाकीवर मला तेव्हा काही बोलता आले नाही. पुढे सवडीने मी त्याच्याच व्यवसायातील एका माणसाच्या तारुण्याविषयी वाचले आणि ते याच तीन रकान्यांत मांडून पाहिले. आजचा लेख म्हणजे त्या नातवाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

तो माणूस म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. जन्म २८ डिसेंबर १९६९, गाव फिनलंडची राजधानी हेलसिंकी. फिनलंडमध्ये स्वीडिश भाषा बोलणारा एक अल्पसंख्य समाज आहे. त्या समाजातील हे कुटुंब. आई-वडील दोघेही पत्रकार. येथे त्याचा उल्लेख मी एकेरी करणार आहे, कारण ही हकीकत मुख्यतः त्याच्या विशीतील आहे.

संगणकाशी त्याची पहिली ओळख आजोबांमुळे झाली. आईचे वडील लिओ टॉर्नक्विस्ट हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. एम.कॉम.च्या अभ्यासात निर्देशांकांची सूत्रे घोकताना लास्पेयर, पाशे, फिशर ही नावे आमच्या पिढीने पाठ केली. त्याच कुळातील टॉर्नक्विस्ट निर्देशांक हा या आजोबांचा. तो १९३६ मध्ये फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एक ग्राहक किंमत निर्देशांक आजही या सूत्राने काढला जातो. या आजोबांनी कमोडोर कंपनीचा व्हिक-२० नावाचा छोटा संगणक घेतला आणि अकरा वर्षांच्या नातवाला मांडीवर बसवून आपले प्रोग्रॅम त्याच्याकडून टंकित करून घेतले. पुढे आजोबांच्या पश्चात ते यंत्र नातवाकडे आले. लिनसच्या यादीतील पहिला टप्पा कोणता, असे विचारले तर मी त्या मांडीकडे बोट दाखवीन. परंतु त्या दिवशी तेथे कोणीही काही नोंदवून ठेवले नव्हते.

१९८८ मध्ये तो विद्यापीठात दाखल झाला. मध्ये जवळजवळ एक वर्ष सक्तीच्या लष्करी सेवेत गेले. परत आल्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांचे संगणकाच्या कार्यप्रणालीविषयीचे जाडजूड पुस्तक त्याने वाचून काढले. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी : कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, कोणती फाईल कोठे ठेवायची, हे सारे तो पाहतो. विद्यापीठात युनिक्स नावाची अशी एक उत्तम प्रणाली होती. घरी तसेच काहीतरी असावे, अशी इच्छा लिनसच्या मनात उत्पन्न झाली.

जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ जातीचा संगणक घेतला. वय एकवीस, मुक्काम आईच्या घरी. थोडी रक्कम रोख दिली. उरलेली तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली मिनिक्स ही प्रणाली त्याने मागविली. परंतु ती हाती येईपर्यंतचे दिवस त्याने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ खेळण्यात घालविले. कर्ज काढून संगणक घेतला आणि मुलगा खेळत बसला!

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी काही वर्षे कर्ज विभागात होतो. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? कर्जाचे प्रयोजन : छंद. अर्जदाराचे उत्पन्न : नाममात्र. तारण : दरवर्षी किंमत घसरणारे एक यंत्र. मी लाल शाईने ‘नामंजूर’ असे लिहिले असते, आणि नियमाप्रमाणे तो शेरा योग्यच ठरला असता. परंतु त्या अर्जात जे दिसणे शक्यच नव्हते, तेच पुढे घडले.

विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीच्या तारेने घरबसल्या जोडले जावे, म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. त्याची चाचणी मोठी साधी होती. दोन कामे आळीपाळीने चालवायची. एकाने पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटवायचे, दुसऱ्याने ‘बी’. काही काळ ए, काही काळ बी, अशा रांगा दिसू लागल्या, म्हणजे यंत्र दोन कामांत वेळ वाटू लागले. पुढे विद्यापीठातून आणलेल्या फाईली साठवाव्याशा वाटल्या, म्हणून तबकडीशी बोलणारा भाग लिहिला. मग फाईलींची व्यवस्था लावणारा भाग. गरजेपोटी एकेक खोली वाढवीत गेलेल्या घरासारखी ही प्रणाली वाढली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स वापरणाऱ्या मंडळींना त्याने संगणकजालावरून कळविले, की मी एक विनामूल्य प्रणाली तयार करीत आहे. हा केवळ छंद आहे, यातून फार मोठे काही होणार नाही. १७ सप्टेंबरला पहिली आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. त्याने मनाशी ठरविलेले नाव निराळेच होते. ज्या मित्राने ती विद्यापीठाच्या संगणकावर इतरांसाठी ठेवली, त्याने त्या कप्प्याला ‘लिनक्स’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

त्याच हिवाळ्यात एक फजिती झाली. दूरध्वनीवर क्रमांक फिरविण्याची आज्ञा त्याने चुकून मोडेमऐवजी तबकडीला दिली, आणि ज्या मिनिक्सच्या आधाराने सारे काम चालले होते, तिचाच काही भाग पुसला गेला. ती पुन्हा घालता आली असती. त्याने घातली नाही. येथून पुढे आपण आपल्याच प्रणालीवर चालायचे, असे ठरविले. यादी करणाऱ्या माणसाने ही नोंद कोणत्या रकान्यात केली असती? बहुधा केलीच नसती.

आता पैशाविषयी. प्रणाली आवडल्याने अनेकांनी त्याला पैसे पाठवू का, म्हणून विचारले. संगणकाचे हप्ते डोक्यावर असताना त्याने उत्तर दिले, की पैसे नकोत, आपल्या गावाचे एक चित्रकार्ड पाठवा. मग हेलसिंकीच्या त्या घरी जपान, न्यूझीलंड, नेदरलँड्स, अमेरिका अशा देशांतून कार्डे येऊ लागली. आपला दादा खोलीत बसून काहीतरी दखल घेण्याजोगे करीत आहे, हे धाकट्या बहिणीला प्रथम त्या कार्डांवरून जाणवले. लिनसच्या प्रवासाच्या रकान्यात तेव्हा सांगण्यासारखे फारसे नव्हते. जगच त्याच्या टपालपेटीत येत होते. पुढे एच. पीटर ॲन्विन या प्रोग्रॅमरने वापरकर्त्यांकडून वर्गणी गोळा करून त्याच्या संगणकाचे राहिलेले देणे फेडण्यास हातभार लावला. तारण न मागता दिलेल्या कर्जाची अशी परतफेड मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेली नाही.

१९९२ च्या आरंभी त्याने आणखी एक निर्णय घेतला. आधीच्या अटीनुसार लिनक्ससाठी कोणालाही पैसे घेण्यास मनाई होती. ती काढून त्याने जीपीएल नावाचा परवाना स्वीकारला. आता कोणीही प्रत काढावी, बदल करावेत, हवी तर विकावीही. मात्र ज्याला प्रत दिली त्याला मूळ आज्ञावली आणि तेच स्वातंत्र्य द्यावे लागेल. घेणाऱ्याने पुढच्याला देण्याची ही अट आहे. तिच्या भरवशावर हजारो लोकांनी आपले श्रम त्यात ओतले. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो.

प्रवासाचा रकाना १९९३ मध्ये उघडला. लिनस ऑस्ट्रेलियास गेला असताना कॅनबरातील प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने त्याच्या हाताला चोच मारली. देश मोजणाऱ्याने ‘ऑस्ट्रेलिया’ एवढेच लिहिले असते. परंतु त्या चिमट्यातून जडलेल्या ममतेमुळे, लिनक्सचे बोधचिन्ह ठरविण्याची वेळ आली तेव्हा त्याने पेंग्विन सुचविला, आणि १९९६ मध्ये लॅरी ईविंग या चित्रकाराने पोटभर जेवून निवांत बसलेला तो पेंग्विन रेखाटला.

त्याच सुमारास तो विद्यापीठात शिकवीत होता. विद्यार्थ्यांना त्याने साधा गृहपाठ दिला : मला ई-मेल पाठवा. टोव्हे नावाच्या विद्यार्थिनीने ई-मेलमधून त्याला फिरावयास चलण्याचे निमंत्रणच पाठविले. ही टोव्हे कराटेमध्ये सहा वेळा फिनलंडची विजेती. पुढे दोघांचा विवाह झाला. आणि पदवी? १९८८ मध्ये प्रवेश घेतलेल्या या मुलाने पदव्युत्तर पदवी मिळविली ती बऱ्याच वर्षांनी. मधल्या वर्षांत त्याच्या बरोबरीचे अनेक जण कोठल्या कोठे पोहोचले असतील!

पुढील आयुष्यातील दोन नोंदी सांगतो. लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या बदलांचा हिशेब ठेवणारे, दुसऱ्या कंपनीचे साधन विनामूल्य वापरण्याची सवलत २००५ मध्ये संपली. एप्रिलमध्ये त्याने थोड्याच दिवसांत स्वतःचे साधन उभे केले, तेच गिट. आमचा नातू जे शिकल्याची नोंद करतो, ते गिट. जुलैमध्ये ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवून तो आपल्या कामाकडे वळला. दुसरी नोंद समुद्रात बुडी मारण्याच्या छंदाची. आपल्या बुड्यांची नोंद नीट ठेवता येईना, म्हणून २०११ मध्ये त्याने ‘सबसरफेस’ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढे त्याचीही धुरा डर्क होन्डेल यांच्याकडे दिली. छंद, प्रवास आणि प्रोग्रॅमिंग हे तिन्ही रकाने येथे एकमेकांत मिसळून जातात.

आणखी एक टप्पा सांगितल्याशिवाय हा ताळेबंद पुरा होणार नाही. सहकाऱ्यांचे काम न आवडल्यास लिनस अत्यंत कठोर, कधी अपमानकारक भाषेत लिहीत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने सर्वांसमक्ष लेखी क्षमा मागितली, इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी आपल्याला मदतीची गरज आहे असे कबूल केले, आणि काही आठवडे काम बाजूस ठेवले. त्या वेळी तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मला स्वतःला या माणसाच्या आयुष्यातील हा सर्वांत अवघड चढ वाटतो.

हे सारे वाचून मला उमगले ते इतकेच. मैलाचे दगड रस्ता झाल्यावर रोवतात. चालणारा चालत असताना त्याच्या पायाखाली माती असते. ती वाट इतरांच्या पायाखाली आली, म्हणजे मागाहून कोणीतरी तेथे दगड रोवून आकडा कोरतो. एकविसाव्या वर्षी लिनसने यादी केली असती, तर ‘पदवी—बाकी, प्रवास—बाकी, संगणकाचे हप्ते—बाकी’ असेच तिचे स्वरूप झाले असते.

मागच्या रविवारी मी नातवाला फोन करून हे सांगितले. तो हसला. “आजोबा, तो लिनस आहे. मी कोण?” त्याचे म्हणणे खरेच आहे, प्रत्येक छंदातून लिनक्स निघत नाही. मी विषय बदलून म्हटले, “अरे, तुझी आजी सांगत होती, तिच्या भिशीच्या हिशेबासाठी तू काही करून दिले आहेस म्हणे.”

“ते होय? बारा बायकांची भिशी, आजीचा दर महिन्याला वहीत घोळ व्हायचा. एका दुपारी बसून करून दिले.”

“यादीत दिसले नाही.”

“तो काय टप्पा आहे का, आजोबा?”

मी काही बोललो नाही. बहिणीकडून मला आणखी एक गोष्ट कळली होती : पलीकडच्या गल्लीतील भिशीनेही तो प्रोग्रॅम तिच्याकडून मागून नेला आहे, आणि त्यांची वही या महिन्यात प्रथमच पैशाला पैसा जुळली. ती बातमी मी त्याला सांगितली. फोनवर क्षणभर शांतता पसरली, मग त्याने विचारले, “त्यांना मराठीत आकडे दिसतात ना नीट?”