विश्लेषण : पऱ्हाटीची राख सिमेंटमध्ये चालेल का?

कापसाची शेवटची वेचणी झाली की हिंगणघाट तालुक्यातील वडनेर परिसरात बांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. थोडी पऱ्हाटी चुलीसाठी घरी येते, उरलेली बहुतेक वेळा पेटवली जाते. त्याच गावांत घरकुलाचे बांधकाम मात्र सिमेंट आणि रेतीच्या दरापाशी अडते. मग शेतातला हा कचराच काँक्रीट आणि प्लास्टरच्या मसाल्यात का वापरू नये? वापरता येतो, पण सरसकट नाही.

सिमेंटला पर्याय कशाला?

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, पण भाजताना खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. त्यामुळे गोणीतले थोडे सिमेंट जरी राखेने बदलले, तरी फरक पडतो.

राख सिमेंटचे काम कशी करते?

सिमेंटमध्ये पाणी पडले की त्यातून चुना सुटतो. बारीक, क्रियाशील सिलिका जवळ असेल तर ती या चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा बांधून ठेवणारा पदार्थ तयार होतो. बाजारातील 'पीपीसी' सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातील राख हेच काम करते. मानकानुसार तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते.

शेतमालात हा गुण आहे तो धानाच्या तुसात. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते आणि तूस जाळल्यावर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असू शकते. अट एकच. जाळताना तापमान साधारण ७०० अंशांच्या आत हवे. जास्त तापली की सिलिकाचे स्फटिक होतात आणि राख निकामी ठरते. 'आयएस ४५६:२०००' या भारतीय मानकात तुसाच्या राखेला सशर्त परवानगी आहे. म्हणजे भंडारा, गोंदियातील राईस मिलसाठी हा मार्ग खुला आहे.

मग पऱ्हाटीची राख का नाही?

पऱ्हाटीच्या राखेत सिलिका कमी, पोटॅशियम आणि कॅल्शियम जास्त. पोटॅशियममुळे काँक्रीटमधील अल्कली वाढते. गिट्टी संवेदनशील असेल तर ती हळूहळू फुगते आणि काही वर्षांनी तडे जातात. कच्ची पऱ्हाटी किंवा कुटार थेट मालात मिसळणेही धोक्याचे. त्यातील शर्करेमुळे सिमेंट उशिरा घट्ट होते, ओलाव्याने काडी कुजते आणि आत पोकळी राहते.

वडनेरसाठी काय शक्य?

पहिला मार्ग बोर्डांचा. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे 'सिरकॉट'ने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. आतल्या भिंती, फर्निचरसाठी ते चालतात.

दुसरा मार्ग मातीच्या गिलाव्याचा. विदर्भात पऱ्हाटी-तुराटीच्या कुडावर शेणामातीचा लेप देण्याची रीत जुनीच. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो गिलावा सुमारे दीड हजार वर्षे टिकला.

तिसरा मार्ग जैवकोळशाचा. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाने २०२३ मध्ये कॉफीचा चोथा हवेविना ३५० अंशांवर भाजून १५ टक्के रेतीऐवजी वापरला. काँक्रीटची ताकद सुमारे ३० टक्के वाढली. हे आकडे पऱ्हाटीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तिची वेगळी चाचणी हवी. वर्ध्यातच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २८ दिवसांची ठोकळ्यांची चाचणी करायला मुंबई गाठायची गरज नाही.

खरी अडचण कुठे?

हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, पण ती हलकी आणि फुगीर. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. उपटणी, कुट्टी आणि वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा, यावरच सारे अडते. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात ठेवूही नका, असे कृषी विभाग सांगतो. मग पेटवणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. बांधावर कुट्टी यंत्र आणि वजनावर पैसे, ही व्यवस्था आधी हवी. 'टिकाऊ बांधकामा'ची भाषणे नंतर.

दुसरी काळजी तितकीच महत्त्वाची. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाट प्रदेशात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर खचले तर लाभार्थ्याला दुसरी संधी नाही. म्हणून गरिबाच्या स्लॅबवर प्रयोग नको. आधी ग्रामपंचायतीचे पेव्हिंग ब्लॉक, कुंपणाची भिंत, गोठ्याचा गिलावा करावा. दोन-तीन पावसाळे ते टिकले की मगच पुढचे पाऊल. तोवर कोणी चुलीतली राख सिमेंटमध्ये मिसळायला सांगितली, तर कॉलम, बीम आणि स्लॅबसाठी उत्तर स्पष्ट 'नाही' असेच द्यावे.