वजन जुळलं, पण सोंड कुठल्या बाजूला?

मधुमेह आणि लठ्ठपणावर दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं मुख्य पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं. आता इतर कंपन्यांनाही हे औषध बनवायचा रस्ता मोकळा आहे. स्पर्धा वाढली की किंमत उतरते, हे चांगलंच. पण पेणच्या मेडिकलमधलं स्वस्त इंजेक्शन मूळ औषधासारखंच आहे, हे ठरवायचं कसं?

सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड, म्हणजे ३१ अमिनो आम्लांची माळ. ती प्रयोगशाळेत एकेक मणी ओवून बनवता येते. ओवताना एखादा मणी गळतो, तर एखादा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा बसतो. हे पकडायला कुठलं एकच मशीन पुरत नाही.

पहिली पायरी एचपीएलसी. यात नमुना एका कॉलममधून जातो आणि त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. साधारण २१४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मण्यांमधले जोड ओळखू येतात. औषध किती आणि अशुद्धी किती, हे समजतं. पण ती अशुद्धी नेमकी कोणती, हे आलेखावरचं टोक सांगत नाही.

ते सांगतो मास स्पेक्ट्रोमीटर. तो रेणूचं वजन मोजतो. सेमाग्लुटाइडचं वजन साधारण ४,११४ डाल्टन. एक मणी गळला तरी हिशोब चुकतो.

मग एवढं महाग मशीन घेतलं की झालं? नाही! पेणच्या कारखान्यातल्या दोन गणेशमूर्ती घ्या. माती तेवढीच, उंची तेवढीच, पण एकीची सोंड डावीकडे, दुसरीची उजवीकडे. काट्यावर फरक कळेल का? उलट्या बसलेल्या मण्याचं तसंच आहे, वजन अगदी तेच. तिथे पुन्हा कॉलमच लागतो, दोघांना वेगळं करणारा. रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर त्यासाठी आकारानुसार वेगळं करणारा आणखी निराळा कॉलम.

एवढा काटेकोरपणा कशाला? कारण अशा अशुद्धीमुळे शरीराची प्रतिकारशक्ती औषधाविरुद्धच उभी राहू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये लिराग्लुटाइडसह पाच पेप्टाइडांच्या जेनेरिकसाठी मार्गदर्शन दिलं. मूळ औषधात नसलेली पेप्टाइडची नवी अशुद्धी प्रत्येकी ०.५ टक्क्याच्या वर नको, असं त्यात म्हटलंय.

आता ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘९९ टक्के शुद्ध’ पेप्टाइडच्या कुप्यांकडे बघा. हा आकडा बहुतेकदा एचपीएलसीचा असतो. प्रकाशात जे दिसलं, त्यातले ९९ टक्के. कुपीतलं पाणी आणि क्षार त्यात मोजलेच जात नाहीत. जिममधल्या मित्राने सुचवलं म्हणून सुई टोचून घेण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवा.

आणि रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी शोधणाऱ्या बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनो, मशीनची बटणं कुणीही शिकवेल. इंटरव्ह्यूला जाताना एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: या मशीनला काय दिसत नाही?