उष्णतेची सांठवण व पदार्थाची निवड

चुलींतील विस्तव विझल्यावरही वैलावरचें पाणी बराच वेळ ऊन राहतें, कारण चुलीच्या दगडमातीनें उष्णता धरून ठेविलेली असते. हीच साधी गोष्ट अणुशक्तीच्या वीजकेंद्रांत उपयोगांत आणण्याचा प्रयत्न आज चालला आहे. अणुभट्टी उभारण्यास खर्च फार, इंधनास त्या मानानें थोडा. म्हणून ती अहोरात्र सारख्या गतीनें चालविणें हिताचें असतें. परंतु विजेची मागणी सारखी नसते. दुपारीं सूर्यशक्तीची वीज विपुल मिळते, व दिवेलागणीस तीच दुर्मिळ होते. तेव्हां भट्टी मंद न करितां तिची उष्णता दुपारीं सांठवावी व सायंकाळीं तिजपासून वाफ करावी, हें शहाणपणाचें होय. प्रश्न एवढाच कीं, ती सांठवावी कशांत?

पुष्कळ लोक उत्तर देतात, 'वितळलेल्या क्षारांत.' साठ भाग सोडियम नायट्रेट व चाळीस भाग पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, यांचें मिश्रण सुमारें २४० अंश सेंटिग्रेडच्या खालीं गोठूं लागतें व सुमारें ५६५ अंशांपर्यंत टिकतें. सूर्यशक्तीच्या केंद्रांत त्याचा चांगला अनुभव आला आहे. अमेरिकेंतील वायोमिंग राज्यांत केमरर येथें २०२४ सालीं ज्याच्या कामास आरंभ झाला, त्या 'नेट्रियम' केंद्राची योजनाही नायट्रेट क्षारांवरच आधारलेली आहे. तेथील भट्टी द्रवरूप सोडियमनें थंड व्हावयाची असून तिची शक्ति ३४५ मेगावॅट आहे. सांठविलेल्या उष्णतेच्या बळावर केंद्रानें पांच तासांहून अधिक वेळ ५०० मेगावॅट वीज द्यावी, अशी अपेक्षा आहे.

मग हेच क्षार सर्वत्र कां वापरूं नयेत? आमच्या मतें येथेंच घाई नडते. विद्यार्थ्यांनीं स्वतः हिशेब करून पाहावा. एक किलोग्रॅम मिश्रण एक अंशानें तापण्यास सुमारें दीड किलोज्यूल उष्णता लागते. तें २९० पासून ५६५ अंशांपर्यंत तापविल्यास सुमारें ४१२ किलोज्यूल सांठतात. परंतु आपल्या पालघर जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या भट्ट्या पाण्यानें थंड होणाऱ्या जातीच्या आहेत. अशा भट्टीची वाफ सुमारें २८५ अंशांची असते. तिनें क्षार २८० अंशांपर्यंत तापले, तरी २४० अंशांच्या खालीं ते नेतां येत नाहींत. सांठा अवघा ६० किलोज्यूल, म्हणजे सुमारें सातवा हिस्सा!

पाण्याची उष्णता धरण्याची शक्ति या क्षारांच्या जवळजवळ तिप्पट. परंतु २८० अंशांवर तें द्रवरूप राहावें म्हणून हवेच्या साठपटीहून अधिक दाब लागतो, व त्यासाठीं जाड पोलादी टांक्या लागतात. तेलास असा दाब लागत नाहीं, पण तें पेट घेऊं शकतें. दगड व काँक्रीट स्वस्त असून पेट घेत नाहींत. मात्र त्यांच्यांतून उष्णता सावकाश जाते, व जागाही पुष्कळ लागते.

आमचें मत असें कीं, पाण्याच्या भट्टीस दगड वा काँक्रीट यांचाच विचार प्रथम व्हावा. शिवाय पदार्थ कोणताही असो, गळती किंवा आग झाली असतां तो काय करील, हा प्रश्न किंमतीच्या आधीं विचारला जावा; आणि सांठवणीच्या टांक्या भट्टीपासून अलग व दूर असाव्या. शेजारच्या गांवांची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.

विशिष्ट उष्णता व द्रवणबिंदु हे शब्द आमचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करितात. उद्यां त्यांतीलच कोणी अशा केंद्राचा आराखडा करूं लागेल, तेव्हां याच दोन शब्दांवर त्याचा निर्णय ठरेल. म्हणून ते आजच नीट समजून घेतलेले बरे.